राजनांदगावच्या गाडीतला सहप्रवासी

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे निघालेल्या गाडीत, मधल्या वर्गाच्या डब्यात, तिशी ओलांडलेला एक ब्राह्मण कवी बसला होता. नोकरीच्या शोधात होता, संस्कृत उत्तम जाणत होता, स्वभावाने तापट आणि एका जागी न टिकणारा. डब्यात आणखी एक प्रवासी होता, गोरा. साहेबाने तुसडेपणा दाखवला नाही. त्याने सरकून जागा दिली आणि संस्कृत काव्याचा विषय काढला. बोलता बोलता गोष्ट धर्मावर आली. उतरण्यापूर्वी त्याने नव्या कराराची एक प्रत कवीच्या हातात ठेवली, वाचण्याचं वचन घेतलं आणि सांगितलं, की तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल. कवीला ते हास्यास्पद वाटलं. पण वचन दिलं होतं, म्हणून पुस्तक उघडलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्याचा बाप्तिस्मा झाला.

हा कवी म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. तो गोरा प्रवासी म्हणजे वऱ्हाडात काम करणारा अर्नेस्ट वॉर्ड हा अमेरिकन मिशनरी, असं पुढच्या अभ्यासकांनी म्हटलं आहे. मराठी वाचकाला ही गोष्ट साधारण ठाऊक असते. त्या गाडीच्या मार्गाकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष गेलेलं नाही. नागपूर सोडलं की कामठी, भंडारा रोड, तुमसर रोड, मग वैनगंगा ओलांडून तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा. पुढे दरेकशाचा जंगलाचा घाट, डोंगरगड आणि राजनांदगाव. तेव्हाही हाच मार्ग होता, आजही हाच आहे. म्हणजे मराठी ख्रिस्ती वाङ्मयातला सगळ्यात गाजलेला संवाद आजच्या गोंदिया जिल्ह्यातून धडधडत गेला. गोंदियाने त्याचं श्रेय घ्यावं असं मी म्हणत नाही. संवाद कुठल्या स्टेशनाच्या आसपास झाला, हे त्या दोघांनाही आठवलं नसतं.

हा लेख मात्र टिळकांच्या चरित्राचा नाही. आज या मार्गावर राहणारी मूठभर ख्रिस्ती माणसं आपला विश्वास रोजच्या धबडग्यात कसा जगतात, हा विषय आहे.

‘मूठभर’ हा शब्द शोभेसाठी वापरलेला नाही. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती दहा लाख ऐंशी हजारांच्या आसपास होते, म्हणजे एक टक्क्याहून थोडे कमी. त्यांतले बहुतेक मुंबई, ठाणे, वसई, पुणे, नगर या पट्ट्यात. गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा सव्वातेरा लाख होती आणि त्यात ख्रिस्ती अगदी नगण्य. वसईतल्या ख्रिस्ती मुलाला शाळेत, बाजारात, बसस्टॉपवर आपल्यासारखे शेकडो दिसतात. तिथल्या मातीतून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखा लेखक उभा राहिला, ‘सुबोध बायबल’ लिहून गेला आणि उस्मानाबादच्या २०२०च्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. गोंदियातला ख्रिस्ती मुलगा बहुधा वर्गात एकटाच असतो. नाव ऐकून मास्तर विचारतात, “तुमी केरळचे का?” तो असतो रेलटोलीचा. आजोबा रेल्वेत होते, त्याआधीचं घर भंडाऱ्याकडचं.

या समाजाची बांधणी रेल्वे, दवाखाना आणि शाळा या तिघांनी केली. गोंदिया जिल्हा झाला तो १ मे १९९९ला. त्याआधी हा सगळा मुलूख भंडाऱ्याचा होता आणि भंडाऱ्याला स्कॉटिश मिशनचं रुग्णालय होतं. नागपुरात स्टीफन हिस्लॉप हा मिशनरी १८४५ला आला, त्या कामाची ही पूर्वेकडे पसरलेली फांदी. मग बंगाल-नागपूर रेल्वे आली, गोंदिया जंक्शन झालं. विसाव्या शतकाच्या पहिल्याच वर्षांत इथून नैनपूर-जबलपूरची छोटी गाडी सुटायला लागली. रेल्वेबरोबर गार्ड, ड्रायव्हर, फिटर आले. त्यांत अँग्लो-इंडियन होते, तेलुगू होते, छत्तीसगडी होते, मराठीही होते. त्यामुळे इथल्या उपासनेची भाषा आजही सरमिसळ असते. प्रार्थना हिंदीत, गीत मराठीत, आणि बाहेर पायऱ्यांवरच्या गप्पा ज्याच्या त्याच्या बोलीत. कॅथलिक मंडळी नागपूरच्या आर्चबिशपांच्या अखत्यारीत येतात. प्रोटेस्टंटांपैकी अनेकांचं मूळ नागपूरकडे जातं आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापनाही २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच झाली. अलीकडे छोट्या स्वतंत्र मंडळ्याही निघाल्या आहेत. त्या कुणाच्या तरी हॉलमध्ये भरतात, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक कीबोर्ड, एक माइक.

*

रविवारपासून सुरुवात करू, कारण अडचण तिथूनच सुरू होते.

रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्ड भेटले. (गार्ड हा शब्द रेल्वेने २०२२च्या जानेवारीत काढून टाकला, आता ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात. त्यांना ते आवडलेलं नाही.) मी विचारलं, नोकरीच्या काळात रविवारची उपासना कशी जमायची? ते हसले. “ड्युटी लागली का मग रविवार तो काय अन् मंगळवार तो काय जी? मालगाडीला काय देऊळ असते?” मग त्यांनी एक गोष्ट दाखवली. रेक्झिनचं कव्हर असलेलं, हाताच्या तळव्याएवढं स्तोत्रसंहितेचं पुस्तक. लाइन बॉक्समध्ये बत्ती आणि झेंड्यांबरोबर ते असायचं. कडा काळ्या पडलेल्या, मधली काही पानं चहाच्या डागांनी चिकटलेली. मालगाडी सिग्नलला अडकली की ते एक स्तोत्र वाचायचे. दोन-दोन तास अडकली तर चार-पाच. “आमची गाडी लूपला टाकली का बाकीचे शिव्या देत. मी पण द्यायचो. पण वाचून झाल्यावर.”

त्यांच्या नातवाची अडचण वेगळी आहे. तो स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षा बहुधा रविवारी असतात आणि क्लासच्या सराव चाचण्याही रविवारीच ठेवतात, कारण इतर दिवशी हॉल मोकळा नसतो. त्यात वाईट हेतू कुणाचा नाही. सगळ्या देशाने रविवार हा उरलेल्या कामांचा दिवस ठरवला आहे. लग्न रविवारी, शिबिर रविवारी, मॅरेथॉन रविवारी, सोसायटीची बैठक रविवारी. ख्रिस्ती माणसाला आठवड्यातला एक सकाळचा तुकडा हवा असतो आणि नेमका त्यावरच सगळ्यांचा डोळा. मंडळीतल्या बाया दबक्या आवाजात सांगतात, की पोरं यायला कंटाळत नाहीत, त्यांना यायला वेळच राहत नाही.

पाळकसाहेब मात्र व्यासपीठावरून मोबाइलवर घसरतात. मी ऐकलेल्या उपदेशांपैकी निम्म्यांत तरी मोबाइल आलाच. रील्स, वेबसिरीज, आयपीएल, डीजे, फाटकी जीन्स अशी ती ठरलेली यादी आहे. ऐकणारे माना डोलावतात आणि आमेननंतर सर्वांत आधी खिशातून तेच यंत्र निघतं. पाळकसाहेबांचंही निघतं, पुढच्या घरी प्रार्थनेला जायचं असतं, पत्ता त्यातच असतो.

मला या यादीत खोट दिसते. तिच्यातलं सगळं ‘बाहेरचं’ आहे. जणू विश्वासाचं लक्ष उडवायला फक्त सिनेमा आणि क्रिकेटच येतात. प्रत्यक्षात या गावात भक्तिभावाच्या माणसाचं लक्ष सर्वांत जास्त खातो तो भक्तीचाच मजकूर. सकाळी उठल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर सतरा गटांतून येणारं वचन, गुलाबाच्या फुलावर छापलेलं. यूट्यूबवर पंजाबातल्या नाही तर हैदराबादेतल्या उपदेशकाची तीन तासांची सभा. त्याच्याकडे दिवे आहेत, धूर आहे, गायकवृंद आहे. गोंदियातल्या पाळकाकडे हार्मोनियमची एक पट्टी बसलेली. तुलना होणारच. एका घरी मी पाहिलं, आजी पलंगावर तापाने पडलेली, बाजूच्या खोलीत मोठ्या आवाजात आरोग्याची प्रार्थना चालू, पडद्यावर हजारो लोक हात वर करून उभे. आजीने दोनदा पाणी मागितलं, ते कुणाला ऐकूच गेलं नाही. तिसऱ्यांदा शेजारची गोंडाची पोर आत गेली आणि तांब्या देऊन आली.

मी त्या घराला नावं ठेवत नाही, भली माणसं आहेत. पण टीव्हीवरच्या उपदेशकाला ती आजी माहीत नाही आणि माहीत होणारही नाही. त्याच्या प्रार्थनेला पत्ता नाही. शेजारच्या पोरीला पत्ता होता.

नवा करार वाचताना टिळक ज्या भागापाशी येऊन अडकले, तो भाग याबाबत फार रोखठोक आहे. त्यांनी स्वतःच सांगितलं आहे, की वचन पाळायचं म्हणून ते नवा करार वाचू लागले. मनात प्रश्नांची यादी होती, आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी पोचल्यावर पुस्तक खाली ठेववेना. हे प्रवचन मत्तयाच्या शुभवर्तमानात पाचव्या ते सातव्या अध्यायांत आहे. त्यातला सहावा अध्याय आजच्या दृष्टीने वाचून पाहावा. लोकांनी बघावं म्हणून नाक्यावर उभं राहून प्रार्थना करणाऱ्यांची येशू तिथे सालटी काढतो. दान करताना डाव्या हाताला उजव्याचं कळू देऊ नका, उपास करताना तोंड उतरवून फिरू नका, प्रार्थना करायची तर आतल्या खोलीत जा आणि दार लावा. दोन हजार वर्षांपूर्वीचं हे बोलणं उपवासकाळात स्टेटस ठेवणाऱ्यांना जितकं झोंबेल, तितकं सिनेमा बघणाऱ्यांना झोंबणार नाही. सिनेमा बघणारा निदान सिनेमाच बघत असतो.

*

ख्रिस्ती विश्वास आणि भोवतालचा समाज यांची खरी झटापट मराठीत कुणी लिहून ठेवली असेल तर लक्ष्मीबाई टिळकांनी. नवऱ्याचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्या ख्रिस्ती नव्हत्या. माहेरच्या माणसांत पंढरपूरला राहिल्या, दुःखाने खंगल्या. काही वर्षांनी नवऱ्याकडे परत आल्या, तरी आपली चूल वेगळी ठेवली, सोवळं सोडलं नाही. नवरा ख्रिस्ती आणि बायको सोवळ्यात, एकाच छताखाली. पुढे विचार करता करता त्यांच्या मनाने घेतलं, की जात देवाने केलेली नाही, माणसाने केली. त्या दिवसापासून कुणाच्याही हातचं पाणी त्यांना चाललं. बाप्तिस्मा नंतर, १९०० साली. क्रम लक्षात घ्या. आधी जात गेली, मग धर्म आला. ‘स्मृतिचित्रे’त हे त्यांनी इतक्या हसतखेळत सांगितलं आहे, की त्यामागचं धाडस पटकन दिसत नाही.

त्या काळची प्रबळ ‘संस्कृती’ म्हणजे काही नाटक-तमाशा नव्हता. ती होती जात. माणूस माणसाकडे कसा पाहील, कुणाच्या ताटात कोण जेवेल, कुणाची सावली कुणावर पडेल, हे ती ठरवायची. लक्ष्मीबाईंनी विश्वास जगला म्हणजे स्वयंपाकघरात, पाण्याच्या घागरीपाशी जगला.

आणि आज? लग्न जुळवताना ख्रिस्ती घरांतही चौकशी होतेच. मुलगी शिकलेली आहे, नोकरी आहे, उपासना चुकवत नाही, सगळं ठीक. “पण मूळचे कोणापैकी?” प्रश्न चहाच्या कपाआडून येतो, पण येतो. हुंडा ‘मुलीच्या हौसेचं’ या नावाने येतो. विदर्भातल्या बौद्ध मित्रांनी मला हे टोचून दाखवलं आहे, आणि त्यांना तो अधिकार आहे, कारण १९५६च्या धर्मांतरानंतर त्यांच्या घरांतही हीच लढाई चालू आहे. मंडळीच्या व्यासपीठावरून या विषयावर मी एकही उपदेश ऐकलेला नाही. जीन्सवर ऐकले.

भोवतालचं सगळंच विश्वासाला मारक असतं, असंही नाही. टिळक म्हणत, की ते ख्रिस्ताकडे तुकारामांच्या पुलावरून आले. त्यांनी ख्रिस्ती कीर्तनं केली, अभंगाच्या चालीत भक्तिगीतं रचली. त्यांची गीतं ‘उपासना संगीत’ या पुस्तकातून मराठी मंडळ्या आजही गातात. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. मिशनच्या लोकांना ते पचलं नाही. दोन वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी ते वारले. प्रयोग अर्धाच राहिला.

गोंदियात हा प्रश्न दरवर्षी दिवाळीनंतर उभा राहतो. धान कापणीला आलेलं असतं, गावोगावी मंडई भरते. दिवसा दंडार, रात्रभर झाडीपट्टीचं नाटक. पाव्हणे येतात, मुली माहेरी येतात. गावातल्या एकुलत्या एका ख्रिस्ती घरातल्या पोराने जायचं की नाही? स्वतंत्र मंडळ्यांतले काही पाळक सरळ नाही म्हणतात, ते मूर्तिपूजेचं आहे. जुन्या मंडळ्यांतले लोक नाटक बघून येतात आणि गप्प राहतात. आमगावकडच्या एका शिक्षिकेने मला सांगितलं, “आमच्याकडे मंडईला बारा पाव्हणे येतात. बाराही हिंदू. मी त्यांना जेवू घालू का सुवार्ता सांगू? मी जेवू घालते.” माझ्या मते टिळकांनी या बाईंना दरबारात पहिल्या रांगेत बसवलं असतं.

इथे एक गोष्ट बोलायला हवी. या जिल्ह्याच्या एका बाजूला मध्य प्रदेशचं बालाघाट, दुसऱ्या बाजूला छत्तीसगडचं राजनांदगाव. त्या दोन्ही बाजूंना धर्मांतरावरचा कायदा १९६८पासून आहे. त्याहीआधी, नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं तेव्हा, मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांची समिती बसली. तिचा अहवाल १९५६ला आला. तेव्हा गोंदियाही त्याच राज्यात होतं. आज सीमेपलीकडे काही घडलं की इकडच्या घरसभेचा आवाज खाली येतो. आजाऱ्यासाठी पाच माणसं जमून प्रार्थना करायची तरी आधी शेजाऱ्याला सांगून ठेवतात. वॉर्डसाहेबासारखं अनोळखी माणसाला डब्यात पुस्तक देण्याचं आज कुणी मनातही आणणार नाही. माझं म्हणणं असं, की द्यायची गरजही नाही. त्या दिवशी टिळकांना पहिल्यांदा मिळाली ती सरकून दिलेली जागा. पुस्तक नंतर मिळालं.

*

मोबाइलची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मीही पाळकसाहेबांसारखाच ठरेन. २०२०च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं. त्या वर्षी पुनरुत्थानाचा रविवार १२ एप्रिलला होता आणि तो घरातच झाला. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं उघडली ती १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. पुढच्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि २०२१च्या ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी पुन्हा उघडली. मधल्या काळात कुणाचा बाप गेला, कुणाची बहीण, आणि मातीला चार माणसंही नव्हती. तेव्हा याच यंत्रावर शोकसभा झाल्या. नर्सिंगची नोकरी करणाऱ्या एका बाईंनी रात्रपाळीत, वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून, कानाला फोन लावून उपासना ऐकली. फोन नसता तर तेवढंही नसतं.

त्यामुळे मोबाइल काढून टाका, हा उपाय मला खोटा वाटतो. ज्या घरांत बरं चाललेलं दिसलं तिथे नियम साधे होते. एका रेल्वे क्वार्टरमध्ये रात्री जेवणाआधी चौघांचे फोन कणकेच्या रिकाम्या डब्यात जातात. झाकण लागतं, एक अध्याय वाचला जातो, दिवसभरात कोण आजारी, कुणाची परीक्षा, कुणाशी भांडण, एवढं बोलून लहानगी प्रार्थना करते. पंधरा मिनिटं. डबा मधेच थरथरतो, सगळे हसतात. ही काही तपश्चर्या नव्हे, पण रोज होते. त्या घरातल्या मुलाला शेजारच्या चार घरांतल्या आजारी माणसांची नावं पाठ आहेत. त्यांपैकी एकही घर ख्रिस्ती नाही.

मंडळ्यांना हात जोडून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली वेळेबद्दल. विसाव्याचा दिवस माणसासाठी आहे, माणूस त्या दिवसासाठी नाही, हे येशूचंच म्हणणं. मग रविवारी सकाळी ज्यांची ड्युटी, परीक्षा किंवा रात्रपाळीची झोप आहे, त्यांच्यासाठी बुधवारी संध्याकाळी दुसरी उपासना ठेवायला काय हरकत आहे? दहा जण येतील. राजनांदगावच्या गाडीत तर एकच होता. दुसरी गोष्ट पाळकांसाठी. वर्षात एक तरी उपदेश हुंड्यावर द्या आणि एक जातीवर. मोबाइलवरचे पुरेसे झाले.